चांगल्या जंतूंची पुडी

समीक्षा रोहा-पेण एसटीवर कंडक्टर होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला पोटाचा त्रास सुरू झाला. अचानक कळ यायची आणि मग थांबता यायचं नाही. संडासातून रक्त पडायचं. भरल्या गाडीत बाईमाणसाने हे सांगायचं कोणाला? ड्युटीआधी तिने जेवण सोडलं, मग पाणीसुद्धा. ड्रायव्हर हैबतराव वयाने मोठे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. पण तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसला की नागोठण्याच्या स्टँडवर टायर बघायच्या निमित्ताने उतरायचे आणि ती संडासला जाऊन येईपर्यंत टायरच बघत राहायचे.

शेवटी नवरा आदेश तिला पेणला डॉक्टरांकडे घेऊन गेला. दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या आतड्याला सूज होती, आतून जखमा होत्या.

"हा आजार पुरता जात नाही, पण आटोक्यात राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या. सोबत पाण्यात ढवळून घ्यायची एक पुडी होती.

"ही कशाची?" समीक्षाने विचारलं.

"चांगल्या जंतूंची. काहींना गुण येतो, काहींना नाही. अजून अभ्यास चालू आहे. पण ही गोळ्यांच्या जोडीला घ्यायची. गोळ्यांच्या जागी नाही."

पावसाळा सरेपर्यंत रक्त थांबलं. समीक्षाचा आवाज पुन्हा गाडीत मागच्या सीटपर्यंत जाऊ लागला. सासू गिरजाबाईंना पुडीचं फार कौतुक. "दह्यात असतात तसलेच जंतू गो ते. त्यांचाच गुण हाय," असं म्हणत त्या रोज वाटीभर दही तिच्यापुढे ठेवायच्या.

मग दिवस राहिले. समीक्षाला गोळ्यांची भीती वाटू लागली. एवढ्या कडक गोळ्या बाळाला बाधल्या तर? पुडी तर दह्यासारखीच. तिने कोणाला विचारलं नाही. गोळ्या बंद केल्या आणि पुडी चालू ठेवली. आदेशला वाटत होतं, दोन्ही चालू आहेत.

काही आठवडे बरे गेले. मग रक्त पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. ताप आला, अन्न पोटात ठरेना. इस्पितळात नेलं तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. आजार आवरला, पण मूल वाचलं नाही.

"गोळ्या का सोडल्या?" डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"बाळासाठी."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुमच्या गोळ्या गरोदरपणात चालतात, समीक्षा. तुम्ही मला एक फोन करायला हवा होता."

"त्यामुळंच गेलं का?"

"खात्रीने नाही सांगता येत. पण हा आजार उसळला की धोका वाढतो."

घरी आल्यावर गिरजाबाई तिच्या पायथ्याशी बसून रडल्या. "मीच तुझ्या डोक्यात भरवलं गो."

"नाय आई," समीक्षा म्हणाली. "गोळ्या सोड म्हणून कोणीच सांगितलं नव्हतं मला."

आता ती पुन्हा गाडीवर आहे. गोळी चुकवत नाही. पुन्हा मूल होऊ द्यायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आदेशने एकदा भीतभीत विषय काढला. समीक्षा तांदूळ निवडत होती.

"अजून नाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाव पण ठरवलं होतं मी."

आदेश तिच्यासमोर बसला आणि तांदळातले खडे वेचू लागला.