सावलीची बाजू

अकोल्याच्या लॅबमधला तो तंत्रज्ञ मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याला कधीच नमुना म्हणत नाही. जणू माणूसच समोर आहे, असं बोलतो. माझ्या भावाच्या आतड्याच्या गाठीचा तुकडा मी अमरावतीहून नेला, तेव्हा डबी उघडून तो करवादला, "ताई, भाऊले उन्हात काहून आणलं? मेण हाये, वितळलं तं?" मी सगळे कागद क्रमाने लावले होते, एसटीत सावलीची बाजू तेवढी धरली नव्हती.

पुढे दर खेपेला मी निकाल विचारायची. चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणायचा, "तपासणीचा रंग चढवून राहिलो. बाकी डॉक्टर सांगतीन."

अहवालाआधीच भाऊ गेला. मग आलेल्या अहवालात होतं, पेशींमधल्या चुका दुरुस्त करणारी काही प्रथिनं गाठीत नव्हती. दोष घराण्यातला असू शकतो, तुमची आणि तुमच्या मुलीची तपासणी करा, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी तुकडा परत आणायला मी अकोल्याला गेले.

"भाऊ गेला माझा," मी सांगितलं. "आता माझ्या मुलीच्या तपासणीसाठी तुकडा हवा."

 पंख्याखालच्या कपाटातून त्याने डबी काढली, स्वतःचा रुमाल नळाखाली ओला केला आणि तिच्याभोवती गुंडाळला.

"सावलीच्या बाजूनं बसा, ताई. भाऊ अजून भाचीच्या कामी येऊन राहिले."