पट्टीबाई

ती एका विमा कंपनीच्या प्रशिक्षण विभागात कॅमेरा चालवायची. ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणत, आणि हे नाव तिनं आपल्याच हातानं ओढवून घेतलं होतं.

तेव्हा कॉम्प्युटरचे मॉनिटर खोक्यासारखे, मागे पोट सुटलेले असत. साध्या डोळ्यांना त्यांचा पडदा स्थिर दिसे. पण व्हिडिओ कॅमेरा रोखला की चित्रात एक काळपट आडवी पट्टी सरकत राही आणि अख्खा पडदा लुकलुके. कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं होतं. शाखांमधल्या कारकुनांना ते शिकवायला फिल्म हव्या होत्या, आणि प्रत्येक फिल्ममध्ये ही पट्टी ठाण मांडून बसलेली.

ती नुकतीच नोकरीला लागली होती. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र नव्यानं उमटवतो, त्याच मापाला कॅमेऱ्याचं शटर आणायचं, एवढं तिला कुठूनसं कळलं होतं. खोलीतल्या ट्यूब बंद करून तिनं कॅमेऱ्यावरचं बारीक चाक कणाकणानं फिरवायला घेतलं. पट्टीचा वेग मंदावला. ती मधोमध रेंगाळली, बारीक होत गेली आणि पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली.

विभागाचे साहेब मागे येऊन उभे होते. "वा. आता ही खोली तुझी," ते म्हणाले.

तिला वाटलं, कौतुक करताहेत.

खरं तर ती या कंपनीत आली होती ती बाहेरच्या कामासाठी. आग लागलेली गोदामं, पुरानं वाहून गेलेले पूल, असलं सगळं टिपायला कंपनीची एक गाडी हिंडायची. "थोडे दिवस इथलं बघ, मग गाडीवर पाठवतो," साहेब म्हणाले होते. थोडे दिवस लांबत गेले.

खोलीच्या खिडकीला काळा कागद डकवलेला होता, कारण उजेडाची तिरीप पडद्यावर आली की अक्षरं पुसट व्हायची. दार लावलेलं. दिवसभर समोर माऊसचा बाण इकडून तिकडे जायचा आणि एक बटण दाबलं जायचं. मग दुसरं बटण. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे तिला संध्याकाळी पायरी उतरल्यावरच समजे. रस्त्यावरच्या माणसांकडे बघतानाही तिची नजर त्यांच्या हातापायांच्या मागे एखादी पट्टी सरकतेय का, हे शोधत राही.

बदलीचं विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं. "तू गेलीस तर पट्टी कोण थांबवणार?"

तिनं शेजारच्या टेबलावरच्या दोघांना चाक फिरवायला शिकवलं. त्यांना चांगलं जमलंही. साहेब म्हणाले, "जमतं, पण तुझ्यासारखं नाही."

घरी आई भाजी निवडता निवडता ऐकायची. "अगं, सावलीत बसून पगार मिळतोय. लोक उन्हातान्हात मरमर करतात."

"मला उन्हातच जायचंय, आई."

"मग गच्चीत वाळवण राखायला बस की," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसून झाल्यावर तिला जेवण गेलं नाही.

एके दिवशी तिनं ठरवलं, काम मुद्दाम बिघडवायचं. पट्टी दिसली की साहेबच कंटाळून हाकलतील. सकाळी कॅमेरा लावला आणि चाकाला हात न लावता रेकॉर्डिंग सुरू केलं. पट्टी चित्रात चढू लागली. तिचा हात आपसूक चाकाकडे जाई. शेवटी तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला आणि फिल्म संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

दुपारी साहेबांनी ती फिल्म पूर्ण पाहिली.

"छान झालीये," ते म्हणाले. "पाठवून दे शाखांना."

"साहेब, पट्टी दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते की. पण कारकून काय पट्टी बघतात? कुठलं बटण दाबायचं तेवढं त्यांना कळलं म्हणजे झालं."

"मग मला इतकी वर्षं इथं का ठेवलंत?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना राग आलेला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "कुणाला तरी या खोलीत बसवायलाच हवं होतं. बाकीचे आठवड्यात कटकट सुरू करायचे. तू दर वेळी विचारायचीस, आणि नाही म्हटलं की परत जाऊन बसायचीस."

ती त्या खोलीत परत गेली. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मात्र त्या आठवड्यात तिनं एका वृत्तवाहिनीत नोकरीसाठी अर्ज टाकला.

मुलाखतीला एक वृत्तसंपादक बाई होत्या. बोलणं नीट चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "विमा कंपनीत नक्की काय करत होता? आमच्या स्टुडिओत निवेदकाच्या मागे मॉनिटरची भिंत आहे. ती इतकी लुकलुकते की प्रेक्षकांचे फोन येतात. त्यातलं काही येतं?"

भिंत कशी असेल, दार कसं लागत असेल, हे तिला तिथं बसल्या बसल्या दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "स्क्रीनचं मला जमत नाही."

तिला बाहेरच्या गाडीवर घेतलं. पहिल्याच दिवशी उन्हात तिचे डोळे पाणावले आणि तिनं टिपलेलं आभाळ पांढरंफटक आलं. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदाच कॅमेरा धरलाय का?" उन्हातला कॅमेरा नव्यानं शिकायला तिला बराच काळ लागला.

टेप द्यायला मात्र रोज स्टुडिओवरून जावं लागे. आत निवेदकाच्या पाठीमागे पट्टी चढत असे आणि स्टुडिओचा कॅमेरामन घाम पुसत बटणं दाबत असे. एकदा त्यानं तिला दारात थांबलेलं पाहिलं.

"काही सुचतंय का तुला?"

उपाय तिच्या ओठांवर आला होता.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, टेप टेबलावर ठेवली आणि गाडीकडे निघाली. त्या दिवशी ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का म्हणून.