रंगाऱ्याशी बोलायचंय

डॉक्टरांनी न्हाव्याला स्पष्टच सांगितलं, हृदय थकलंय, वर्ष निघालं तरी पुष्कळ. बायकोला वाटलं, आता हा माणूस हातपाय गाळून बसेल, नाहीतर दिवसभर बायबल घेऊन बसेल. झालं भलतंच. दुपारी सलूनला कुलूप घालून तो कुठेतरी जायला लागला. घरी आला की बोटं नाचवायचा. जेवताना, चपला घालताना, अगदी प्रार्थनेत डोळे मिटलेले असतानाही.

"अहो, हाताला मुंग्या येतात का?"

"नाही गं."

"मग डोक्यावर परिणाम झालाय?"

"तो लग्नातच झाला."

तिला चैन पडेना. एका दुपारी ती गुपचूप त्याच्या मागोमाग निघाली. दवाखाना गेला, चर्च गेलं, आणि स्वारी शिरली मूकबधिरांच्या शाळेत. खिडकीतून पाहते तर तिचा नवरा बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. समोर बाई हातवारे करून काही शिकवतायत आणि चुकलं की हा स्वतःचेच कान पकडतोय.

वाटेत तिने त्याला गाठलंच. "या वयात हे कशाला?"

"रंगाऱ्याशी बोलायचंय."

रंगारी लोकांच्या भिंती रंगवायचा. जन्मापासून बहिरा. दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर एकटाच बसायचा. उपासना संपली की लोक त्याच्याकडे बघून गोड हसत आणि सटकत.

"इतकी वर्षं त्याचं डोकं माझ्या हातात आहे," न्हावी म्हणाला, "पण आत काय चाललंय, काही पत्ता नाही. देवाने दिलेला वेळ मी गिऱ्हाइकांशी वायफळ बडबडण्यात घालवला. उरलाय त्यात एवढं तरी करू दे."

"पण शिकून पुरं होईपर्यंत..."

"मग अर्धवट शिकेन. अर्धवट बोलेन."

रंगारी केस कापायला आला त्या दिवशी ती चहाचं निमित्त करून सलूनमध्ये ठाण मांडून बसली. न्हाव्याने कात्री खाली ठेवली आणि हातांनी विचारलं, कसा आहेस? रंगारी आरशात बघतच राहिला. मग त्याचे हात असे सुटले, की न्हावी ओरडला, "अरे, हळू, हळू!"

"काय म्हणतोय?" तिला दम धरवेना.

"म्हणतोय, कानावरचे केस फार बारीक करतोस. पहिल्यापासून."

ती खो-खो हसली. पण रंगारी थांबला नव्हता. हातांनी विचारत होता, माझ्या बाकावर पूर्वी एक म्हातारा वॉचमन बसायचा, तो एकाएकी यायचा बंद का झाला? माझ्यावर रागावला का?

न्हाव्याचा चेहरा उतरला. वॉचमन वारला होता, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. चर्चमध्ये ते जाहीरही झालं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. न्हाव्याने सावकाश, चुकतमाकत ते सांगितलं. रंगाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून विचारलं, म्हणजे रागावला नव्हता?

नाही, न्हाव्याने मान हलवली.

पुढच्या रविवारपासून न्हावी मागच्या बाकावर बसू लागला. पाळकसाहेबांचा उपदेश जमेल तेवढा हातांनी सांगायचा. अर्धा सुटायचा, थोडा पदरचाही घालायचा. बायकोही शाळेत जायला लागली.

वर्ष पुरं व्हायच्या आत तो गेला. तेव्हा ती स्वतः चालत रंगाऱ्याच्या कामावर गेली, त्याला शिडीवरून खाली बोलावलं आणि सगळ्यांत आधी त्याला सांगितलं.