अंबाडीच्या पोटातला रंग

"हाथ मत लगा, अम्मा. रंग का नाम बोल."

सीमेपलीकडच्या भैंशा गावात, कापड दुकानात शेठ मला असं म्हणाला. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या बायांनी पायरीखाली उभं राहायचं, ही तिथली रीत. गादीवर चढायचं नाही. कापडाला बोट लावायचं नाही. खालून रंग सांगायचा, शेठ लांबून दाखवणार.

माझी पोरगी शांता शेजारी उभी होती. तिचं लग्न ठरलं होतं. नवरा तिला विचारून ठरवला नव्हता, घर विचारून ठरवलं नव्हतं. एवढी एक साडी तिने तोंडाने मागितली होती. "आई, अंबाडीचं फूल असते ना पिवळं, त्याच्या पोटात जो रंग असते, तसा."

मी शेठला तेच सांगितलं. लाल, पण जांभळ्याकडे गेलेला. गडद. अंबाडीच्या फुलाच्या पोटातला.

गादीवर एका साहेबाची बायको बसली होती. आपलीच, मराठी. ती हसली. "इंग्रजीत सांग गं. मरून, वाइन, मॅजेंटा, नक्की काय? अंबाडी म्हणे! शेठजी काय भाजी विकतात?"

शेठ हसला. नोकर हसले. शांताने मान खाली घातली.

"मले इंग्रजी येत नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर खाली उभी आहेस."

शेठने एक चॉकलेटी साडी पायरीवर टाकली. घडीवर विटलेली. "तुम लोगों को यही चलता है."

शांता हळूच म्हणाली, "चालते, आई. घे, चल."

तिचं ते 'चालते' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तिच्या वयात मीही हेच म्हणाले होते. सगळ्यालाच.

बाईच्या पुढ्यात साड्यांचा ढीग होता. त्यात तो रंग होता. मी चपला काढल्या. पायरी चढले. गादीवर बसले आणि त्या साडीवर अख्खा पंजा ठेवला.

"हा."

बाई पदर आवरत मागे सरकली. शेठ ओरडला, "अब ये कौन लेगा?"

"मी. घ्यायलेच आली. पायरीवर टाकू नको. हातात दे."

तो उभाच. मी उठले नाही. दारात माणसं जमली. शेवटी दिली त्याने. हातात दिली. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मेला नाही.

रस्त्यात शांता रडली. "काऊन चढली वर? लोकं पाहून राह्यले होते."

"पाहू दे. सासरी कोणी खाली उभं केलं, तर तूबी चढजो."

नव्वदनंतर ती रीत मोडली, असं लोक सांगतात. आपोआप मोडली नाही. आणि पुरती मोडलेलीही नाही. आता पायरीवर अडवत नाहीत, रंगाचं इंग्रजी नाव विचारतात आणि तोंडाकडे पाहत बसतात.

मी नाव सांगत नाही. आधी गादीवर बसते. मग हात लावते. मग बोलते. त्याच दुकानात जाते, आणि मरेपर्यंत जाणार.