पास झालेल्याचा पाइप

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे नोकरी लागणार हे घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोलीस भरतीत दहा पुलअप्स काढावे लागत. खोलीच्या दारात बसवायला पाइप हवा म्हणून मी भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याकडे गेलो.

तो प्रत्येक पाइप नाण्याने वाजवायचा आणि डॉक्टरसारखा कान लावायचा. मी जाडजूड नवा पाइप उचलला, तर त्याने तो काढून घेतला.

"मुठीत मावला पाहिजे, भाऊ. हा घे. मागच्या भरतीत पास झालेल्या पोराचा हाय."

पाइप दोन जागी हातांनी गुळगुळीत झाला होता. मला तेवढा पुरावा पुरला.

भरतीत माझे सहाच निघाले. घरी सांगायचं धाडस झालं नाही. पाइप घेऊन मी त्याला जाब विचारायला गेलो. दुकानात देवळ्याहून आलेला एक उमेदवार उभा होता. भंगारवाल्याने माझ्या हातातला पाइप घेतला, वाजवला आणि त्याला दिला.

"पास झालेल्याचा हाय. हे बघ, स्वतः आणून दिला."

उमेदवाराने माझ्याकडे फार आदराने पाहिलं.

"दादा, तुमचे किती निघाले?"

भंगारवाला खाली मान घालून दुसरा पाइप वाजवू लागला.

"दहा," मी म्हणालो.