रोडगा आणि चाकू

पुण्याला निघालो त्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर माय खिडकीखालून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडली होती, "पोचल्याबरोबर फोन करजो बे, नाही तं तिथं येऊन हाणीन तुले!" गाडी हसली. मी लाजेनं काच ओढून घेतली. मी कसला माणूस आहे, ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पुण्यात मी तोंड उघडलं की ऑफिसातले हसायचे. महिन्याभरात बोलणं बदललं. घरचा फोन आला की जिन्यात जायचो. पुढं रील्स आल्या, गावरान बोली ट्रेंडिंग झाली, आणि हसणारेच म्हणायला लागले, बोल ना तुमच्याकडचं काहीतरी!

त्या वर्षी गावी गेलो, तर मायनं शेतात रोडगे केले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा टणक रोडगा बुक्कीनं फोडायचा आणि त्यात तूप ओतायचं, हे तुम्हा गाववाल्यांना काय सांगू? मी शहाण्यानं चाकू मागितला. मोबाईलचा कॅमेरा आधीच गुपचूप चालू करून ठेवला होता.

"काऊन बे, वाढदिवस हाय का रोडग्याचा? मार बुक्की!" माय कडाडली.

तिला न विचारता टाकला व्हिडिओ. नुसता धुमाकूळ! ऑफिसात लोक 'गुड मॉर्निंग'ऐवजी 'मार बुक्की' म्हणू लागले. मी एकदम 'वऱ्हाडी भाऊ' झालो. एकानं कॉमेंट केली, किती गोड अडाणी आहे. मी त्यालाही बदाम टाकला.

मायला तो व्हिडिओ शेजारच्या सुनेनं दाखवला. कॉमेंटाही वाचून दाखवल्या. माय रागावली नाही. तेव्हापासून रागावलीच नाही. व्हिडिओ कॉल केला की डोक्यावर पदर घेऊन ताठ बसते. "हो. बरी आहे. जेवले." बस, एवढंच. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांची माय अजून रागावत असेल तर फोन खिशात ठेवा बाप्पा.

मला वाईट वाटायला पाहिजे, एवढं समजते. वाटत मात्र काही नाही. तिचा आवाज ऐकायचा झाला तर मीही तो व्हिडिओच लावतो.

परवा गेलो होतो. शेतात पुन्हा रोडगे झाले. मोबाईल बंद करून तिच्याच हातात दिला आणि मुद्दाम म्हटलं, "माय, चाकू दे ना." तिनं एकदा वसकन अंगावर यावं, घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलं होतं.

मायनं पदर सारखा केला. पिशवीत हात घातला आणि चाकू काढून दिला. घरूनच आणला होता.