कोपऱ्यातलं टेबल

भागीरथी साळवे शिकायला विलायतेला जाणार, हे वस्तीला कळलं तिच्या बापाच्या तोंडून, आणि सांगता सांगता बापानं त्यात एक खोटं मिसळून टाकलं. विहारातली रविवारची वंदना आटोपली होती, बायका सतरंज्या झटकत होत्या, तेवढ्यात भाऊराव मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "माझी पोर रक्ताचं शिकायला विलायतेला चालली." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या भागीरथीनं मान खाली घातली. अहो, अजून विषय ठरलाच नव्हता! आणि रक्ताशी तर गेल्या पाच वर्षांत तिचा काडीचा संबंध आला नव्हता.

ही गोष्ट एकोणसत्तर सालची. सुरतेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबोरेटरीत ती नोकरीला होती. बी.एस्सी. झालेली, वर तपासणीचा कोर्स केलेला. पहिल्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव कुठलं ते विचारलं, आणि मग बोट दाखवलं. खिडकीजवळ रक्ताचं टेबल होतं. तिथं उजेड, तिथं पंखा, तिथं डॉक्टर येऊन उभे राहणार. पुढं ते मिळालं बन्सीलालला, तो तिच्यानंतर लागला तरी. तिला मिळालं पार्टिशनच्या आतलं, कोपऱ्यातलं टेबल. तिथं यायच्या काड्यापेट्या. लोक शौचाचा नमुना काड्यापेटीतून आणतात हे कॉलेजात कुणी शिकवलेलं नसतं. जातीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही. मेल्यांनी सगळं किती गोड हसून केलं!

त्या संध्याकाळी घरी येऊन ती ढसाढसा रडली होती. तिची आई काशीबाई नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. भाऊराव मात्र उठून बाहेर गेला, आणि परत आला तो शेजारच्या सुकलालला सांगून आला की पोरगी रक्ताच्या खोलीत बसते. तेव्हापासून ती वस्तीची रक्तवाली बाई. सुकलाल म्हणजे भाऊरावाचा मिलमधला जोडीदार, त्याच्या कानावर गेलेली बातमी मागं घ्यायची सोय नव्हती.

भाऊरावाला दोष तरी किती द्यायचा? नांदगावकडच्या त्यांच्या गावात मेलेलं जनावर ओढायचं काम याच घराकडं होतं. धम्म घेतला त्या वर्षी भाऊरावानं आणि त्याच्या म्हाताऱ्यानं जनावर ओढायचा तो दोर नदीत फेकला, आणि वर्षाच्या आत भाऊराव बायको-पोरीला घेऊन सुरतेला आला. मिलमध्ये मागावर उभा राहिला. "ह्या घरात आता कुणाची घाण उचलायची नाही," हे तो इतक्यांदा म्हणायचा की काशीबाई वैतागून म्हणायची, "कळलं वं, केर तरी काढू द्या मला."

आता विलायतेच्या एका विद्यापीठानं भागीरथीला शिष्यवृत्ती दिली होती, आणि दोन विषय पुढं ठेवले होते. एक रक्ताचा. रक्तगट, रक्तपेढी, नवी नवी यंत्रं. तो करून आली की कुठल्याही शहरात खुर्ची तयार. दुसरा परजीवींचा, म्हणजे माणसाच्या आतड्यात आणि अंगात राहणाऱ्या जंतांचा. तो करून आली की परत काड्यापेट्याच. दोहोंपैकी एकावर खूण करून फॉर्म धाडायचा होता.

बन्सीलाल मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, "बेन, विचार काय करता? रक्त घ्या आणि सुटा इथून."

सुटा! तीच तर अडचण होती. कारण ह्या पाच वर्षांत एक विचित्र गोष्ट घडली होती, आणि ती सांगायची भागीरथीला लाज वाटायची. तिला ते काम आवडायला लागलं होतं. मायक्रोस्कोपखाली काच सरकवली की घाण कुठल्या कुठं जायची. राहायची ती जंतांची इवलीशी अंडी, कुणाचं कवच जाड, कुणाचं पातळ, ज्याची त्याची ठेवण वेगळी. पोट धरून आलेलं पोर काय घेऊन आलंय ते तिला तिथं दिसायचं, आणि आठवड्यानं तेच पोर आवारात उड्या मारताना दिसायचं. रक्ताच्या टेबलाचा तिला हेवा वाटायचा, पण तो पंख्याचा, उजेडाचा, मानाचा. कामाचा नाही.

पण आवडतं ते मागितलं तर लोक काय म्हणणार? हिची जागा तीच होती, बघा, स्वतःच्या तोंडानं मागून घेतली! साहेबांनी दाखवलेलं बोट खरं ठरणार. ह्या विचारानं तिचं डोकं फिरायचं. ज्यांनी तिला कोपऱ्यात ढकललं त्यांच्या नाकावर टिच्चून रक्त घ्यावं, की त्यांना हवं तेच आपल्यालाही हवंय हे कबूल करावं? जेवण जाईना. आई विचारायची, "कशाचा घोर लावून घेतलास गं?" आणि ती म्हणायची, "काही नाही."

खरं म्हणजे घोर आईचाही होता. काशीबाई पर्वत पाटियाकडच्या भाजीच्या मळ्यांत निंदायला जायची, अनवाणी, चिखलातून. वर्षभरात तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. चार पावलं चालली की धाप लागायची. बन्सीलालनं रक्त तपासलं आणि तोच दचकला, इतकं कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने झाले तरी फरक शून्य. भागीरथीला संशय होता. आतड्यात अंकुशकृमी असले, तर वरून कितीही ओता, ते आतून रक्त पीतच राहणार. तिनं आईकडं एका काड्यापेटीत नमुना मागितला.

काशीबाईनं कानांवर हात ठेवले. "माझी घाण लेकीच्या हातात देऊ? जीव गेला तरी नाही."

"आई, मी रोज परक्यांची बघते."

"परक्यांची बघतीस ते पुरे झालं."

भाऊराव तर भडकलाच. "ह्या घरातनं तसली काड्यापेटी बाहेर जायची नाही! रक्त तपासलंय ना? रक्तात काय ते कळंल. उद्या वस्तीत कुणी बघितलं तर मी तोंड कुठं लपवू?"

तेव्हा भागीरथी पहिल्यांदा बापाला टाकून बोलली. "तुमचं तोंड लपवायला आईचा जीव घालवा, आबा."

रागाच्या भरात तिनं फॉर्म काढला, रक्तावर खूण केली, सही ठोकली आणि पाकीट बंद करून बापाच्या हातात दिलं. "घ्या. होऊ द्या तुमच्या मनासारखं. उद्या तुम्हाला सुट्टी आहे, तुम्हीच पोस्टात टाका." भाऊरावानं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. त्याला किती आनंद झालाय हे तिला दिसलं, आणि तिला आणखीच भरून आलं. वाटलं, हिसकावून परत घ्यावं. घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबोरेटरीच्या खिडकीपुढं नेहमीची रांग होती. खिडकीवर उखा शिपाई नमुने घ्यायचा आणि आत आणून द्यायचा. भागीरथी पार्टिशनमागं काचा पुशीत होती. ह्यात काय आहे, असं विचारणारा उखाचा आवाज तिला आला, "शुं छे आमां, काका?" आणि मग ओळखीचा खोकला. ती पार्टिशनबाहेर, खिडकीपाशी आली.

रांगेत भाऊराव उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. हातात काड्यापेटी, वर दोरा गुंडाळलेला. आणि त्याच्या मागं, रक्ताची चिठ्ठी घेऊन आलेला, दुसरा तिसरा कुणी नाही, सुकलाल! दवाखान्यात त्यालाही आजच यायचं होतं.

"काय हो भाऊराव," सुकलाल मान पुढं काढून म्हणाला, "हे कशाला घेऊन उभे? पोरीला सांगायचं ना, ती तर रक्तात बसते."

भाऊरावाची मान खाली गेली. भागीरथीला वाटलं आता हा पेटी खिशात घालून निघून जाणार. गेला असता तर तिनं त्याला मनात माफही करून टाकलं असतं.

"नाही," भाऊराव म्हणाला. "रक्तात नाही बसत. ती हितं बसते, आत, कोपऱ्यात. हेच तपासती. पयल्या दिवसापासनं हेच तपासती. मी खोटं बोलत होतो."

उखानं हात पुढं केला, पण भाऊरावानं पेटी त्याला दिली नाही. खिडकीतून हात आत घालून लेकीच्या हातात दिली.

"सकाळी उंबऱ्यातच पडली तुझी आई," तो म्हणाला. "उचलली तर पोरासारखी हलकी लागली गं. मीच तिला तयार केलं. शेजारीण बसवलीये जवळ."

भागीरथी आत गेली. काच सरकवली. शोधायलाही लागलं नाही, जिथं बघावं तिथं अंडी. ती चिठ्ठी लिहून बाहेर आली आणि म्हणाली, "आहेत, आबा. पुष्कळ आहेत. औषध आहे ह्याच्यावर. आईला आत्ताच घेऊन या, भरती करावं लागेल."

भाऊरावानं मान हलवली. तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढून त्यानं खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. ते त्यानं टाकलं नव्हतं.

"तुला जे पाहिजे ते लिही," तो म्हणाला. "मला आवडायचं नाही. आत्ताच सांगतो, मरेपर्यंत आवडायचं नाही. दोर फेकला तो काय ह्याच्यासाठी, असं वाटणारच मला. पण माझ्यासाठी नको लिहू."

तो तिच्या आईला आणायला गेला. रांग पुढं सरकली. भागीरथीनं हात धुतले, पाकीट फोडलं, रक्तावरची खूण खोडली आणि खाली दुसरी केली.